व्हॅक्यूमच्या रकान्यातली सही: एका आयटीआयमधलं क्षमताधारित प्रशिक्षणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या एका आयटीआयमध्ये घडलेलं हे प्रकरण आहे. संस्था, कंत्राटदार आणि मुलं यांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. ट्रेड रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियनचा, म्हणजे सगळे ज्याला ‘आरएसी’ म्हणतात तो. दहावीनंतर दोन वर्षं, एका तुकडीत २४ जागा. इथे सांगतोय ती तुकडी २०२२ च्या पावसाळ्यात आत आली आणि २०२४ मध्ये बाहेर पडली. या काळात मी संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर होतो.

या समित्यांना जोर आला तो २००७ च्या केंद्राच्या योजनेमुळे. देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयच्या सुधारणेसाठी प्रत्येकी अडीच कोटींच्या बिनव्याजी कर्जाची तरतूद झाली आणि समितीचं अध्यक्षपद उद्योगातल्या माणसाकडे गेलं. उद्योगाला काय हवं ते उद्योगच सांगेल, असा त्यामागचा हिशेब. बऱ्याच ठिकाणी त्या पैशांतून यंत्रं आली, इमारतीची डागडुजी झाली. अभ्यासक्रमाला मात्र समितीने हात लावायचा नसतो. तो दिल्लीहून येतो.

तसा अभ्यासक्रमही बदलत होताच. आयटीआय जिच्याखाली चालतात ती शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. २०१३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि प्रत्येक ट्रेडचं पुस्तक ‘प्रशिक्षणार्थी अमुक करू शकेल’ या भाषेत नव्याने लिहिलं गेलं. प्रत्येक निष्पत्तीखाली ती कशी तपासायची याचे निकष आले. आपल्या राज्याला ही कल्पना परकी नव्हती. बारावीच्या पातळीवरचे किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम १९८८ पासून इथे चालत होते. २०२२ च्या सुधारणेत आणखी एक गोष्ट आली, आणि या प्रकरणाची किल्ली तीच ठरली. वर्षाच्या १,२०० तासांखेरीज १५० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण सक्तीचं झालं. उद्योग मिळालाच नाही तर त्याऐवजी गटाने प्रकल्प करायचा.

अडचण

निकाल चांगला लागत होता. तक्रार कंत्राटदारांची होती, आणि जुनीच होती: ‘आयटीआयचा पोरगा आणि रस्त्यावरून उचललेला हेल्पर यांत मला पहिली दोन वर्षं काही फरक दिसत नाही. मग पगारात फरक का करू?’ हे सांगणाऱ्या शेठची स्वतःची माणसं सात. घाटकोपर ते मुलुंड एवढ्या पट्ट्यात घरगुती स्प्लिट एसी बसवणं आणि सर्व्हिसिंग हा त्याचा धंदा. परिसरात असे डझनावारी कंत्राटदार आहेत, आणि आरएसीची बहुतेक मुलं पहिली नोकरी त्यांच्याकडेच करतात. मोठ्या कंपन्यांची नावं जाहिरातीत असतात, घरी येणारा माणूस यांचा असतो.

मुलांचं म्हणणं उलटं होतं. वर्कशॉपमध्ये आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारे विंडो एसी आणि घरात बसवायला निघालेले आर-३२ या नव्या गॅसचे इन्व्हर्टर एसी. आर-२२ ज्या वर्गातला वायू, तो वापरून नवी यंत्रं बनवायला आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून बंदी येणार हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे ही मुलं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणार आणि वर्षभरातच त्यांच्या सरावाचं यंत्र इतिहासजमा होणार.

पण यंत्रं जुनी आहेत, एवढ्यावर निदान थांबवणं सोपं होतं. खरी गाठ परीक्षेच्या हिशेबात होती. प्रात्यक्षिकात ६० टक्के मिळाले की पास. मुलाने पाइप नीट कापला, फ्लेअर (जोडासाठी पसरवलेलं पाइपाचं तोंड) सुरेख काढला, वायरिंग जोडलं आणि व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं, चुकवलं, तर त्याचे गुण साठाच्या वरच राहतात. कामावर हीच बेरीज चालत नाही. पाइपात ओल राहिली की ती कंप्रेसरच्या तेलात उतरते, हळूहळू आम्ल तयार होतं आणि वर्ष-दोन वर्षांत कंप्रेसर बसतो. बाकीचं सगळं शंभर टक्के बरोबर असलं तरी. सरासरीने कंप्रेसर वाचत नाही. समितीच्या बैठकीत हे वाक्य गटनिदेशकांनी, म्हणजे निदेशकांच्या (ट्रेड शिकवणाऱ्यांच्या) वरिष्ठांनी, उच्चारलं आणि तिथून चर्चेला वळण लागलं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय अर्थातच नवी यंत्रं. प्राचार्यांचा कल इकडे होता, कारण खरेदी दिसते, तपासणीला दाखवता येते. निविदा, मंजुरी, पुरवठा यांत तुकडी निघून गेली असती.

दुसरा पर्याय डीएसटीचा, म्हणजे द्वैध प्रशिक्षणाचा. जर्मनीची वाट. थोडं शिक्षण संस्थेत, बरंचसं उद्योगात. जर्मनीत १९६९ च्या कायद्याने ही चौकट घट्ट केली आहे, आणि तिथे शेवटची परीक्षा शाळा घेत नाही, उद्योगांचं चेंबर घेतं. आपल्याकडे डीएसटीचं नाव घेताना हा दुसरा भाग गळून पडतो. आमची अडचण त्याहून साधी होती. करार करायला एक दमदार उद्योग लागतो. सात माणसांचा कंत्राटदार २४ मुलं महिनोन्महिने कुठे ठेवणार? शिकाऊ उमेदवार कायद्याची सक्तीसुद्धा ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेलाच आहे.

तिसरा पर्याय: संस्थेने बाजूला एक अल्पमुदतीचा कोर्स चालवायचा. ‘फील्ड टेक्निशियन – एअर कंडिशनर’ हा जॉब रोल इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने तयार करून ठेवलेला होताच. पण दोन वर्षं शिकवून झाल्यावर त्याच मुलाला पुन्हा तीन महिने शिकवायचं, हे पालकांना कोणत्या तोंडाने सांगणार?

चौथा पर्याय निदेशकांच्या खोलीतून आला. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच. मध्ये एक कार्ड घालायचं. त्यावर नोकरीतली खरी कामं लिहायची आणि १५० तासांत ती तपासायची. सरासरी नाही, गुण नाहीत. काम एकट्याने जमतं किंवा अजून जमत नाही, एवढंच. याला वरून परवानगी लागत नव्हती, पैसे फारसे लागत नव्हते. समितीने हा पर्याय घेतला. खरं सांगायचं तर तो सर्वांत चांगला म्हणून नव्हे, तर या तुकडीला पुरा होण्यासारखा तेवढा एकच होता म्हणून.

कामांची यादी कोणी करायची

पहिली बैठक कंत्राटदारांची ठरली होती. मालक आले, चहा झाला, आणि त्यांनी सांगितलेल्या यादीत ‘वेळेवर यावं’, ‘मोबाइल पाहू नये’, ‘ग्राहकाशी नीट बोलावं’ अशाच गोष्टी जास्त. त्या खोट्या नाहीत, पण त्यांवरून प्रशिक्षण बांधता येत नाही. तेव्हा पद्धत बदलली. डॅकम नावाची एक रीत आहे, कॅनडात १९६० च्या दशकात निघालेली. तिचं तत्त्व एवढंच की कामाचं वर्णन साहेबाला विचारायचं नाही, ते काम हातात असलेल्यांना एकत्र बसवायचं आणि ‘तू काय काय करतोस’ हे त्यांच्याच तोंडून काढायचं. म्हणून दुसऱ्या बैठकीला मालकांनी आपापले मेकॅनिक पाठवावेत, अशी विनंती केली. रविवारचा रोज समितीच्या निधीतून द्यायचा ठरला. फुकटात कोणी आलं नसतं, आणि यावं तरी का?

सहा जण आले. त्यांतल्या सर्वांत जाणत्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. शाळा आठवीपर्यंत, मूळ गाव उत्तर प्रदेशात, मुंबईत वीसेक वर्षं एसीचंच काम. बैठकीची भाषा हिंदी-मराठीची मिसळ झाली, वर्कशॉपमध्ये असते तशीच.

निदेशकांनी फळ्यावर पहिलं काम लिहिलं होतं: ‘रेफ्रिजरेशन सायकल समजावून सांगणे.’ उस्तादांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, ‘सर, हे आम्ही कोणालाच सांगत नाही. आम्ही आधी विचारतो, कधीपासून कमी थंड होतं?’ मग त्यांनी क्रम सांगितला. हळूहळू कमी झालं की अचानक? फिल्टर कधी धुतला होता? आउटडोअरचा पंखा फिरतो का, की नुसता गुरगुरतो? गुरगुरत असेल तर आधी कॅपॅसिटर. फिरत असेल तर क्लॅम्प मीटर लावून करंट पाहायचा. तो कमी असेल तर गॅसचा संशय, जास्त असेल तर कॉइल चोक झाली असणार. समुद्राजवळच्या इमारतींत आउटडोअरच्या कॉइलचे फिन खाऱ्या हवेने हाताला भुगा लागावा इतके गेलेले असतात, तिथे गॅस भरून काही उपयोग नाही, हे ग्राहकाला आधीच सांगायचं, नाहीतर महिन्याने भांडण. आणि पॅनेल उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो. ‘बाद में बोलते हैं, ये स्क्रॅच तुमने मारा.’

पुस्तकात यातली बरीच माहिती आहे, पण ती सात-आठ प्रकरणांत विखुरलेली. नोकरीत ती पाच मिनिटांत, एका ओळीत लागते. दुपारपर्यंत फळा भरला. छाटून, जोडून एका पानाच्या दोन्ही बाजूंना मावेल एवढी कामं उरली.

निर्णयाची पहिली जागा: बाजारात चालतं ते, की बरोबर आहे ते?

दुपारनंतर पेच पडला. ‘नवीन एसी बसवून चालू करणे’ हे काम फोडताना निदेशकांनी विचारलं, व्हॅक्यूम किती वेळ करता? खोलीत शांतता. मग एकाने प्रामाणिकपणे सांगितलं की व्हॅक्यूम पंप दुकानात असतो, प्रत्येक जॉबवर नेत नाहीत. आउटडोअरमध्ये भरून आलेला थोडा गॅस सोडायचा, त्याच्या दाबाने पाइपातली हवा दुसऱ्या टोकाने बाहेर, नट आवळला की झालं. दिवसाला तीन-चार इन्स्टॉलेशन करायची असतात. पंप लावला तर दोनच होतात.

आर-२२ च्या काळात ही सवय निभावून गेली. त्या यंत्रांतलं खनिज तेल ओल फारशी शोषत नसे. आर-३२ बरोबर येणारं कृत्रिम तेल हवेतली ओल ओढून घेतं. शिवाय आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० हा दुसरा गॅस म्हणजे तर सरळ प्रोपेन. बंद गॅलरीत असा गॅस मोकळा सोडणं धोक्याचंच.

आता यादी नोकरीतूनच काढायची असं आपण म्हणत असू, तर नोकरीत व्हॅक्यूम करत नाहीत हेच उत्तर आहे. क्षमताधारित प्रशिक्षणाच्या चर्चेत ही जागा सहसा झाकलेली राहते. उद्योगाच्या गरजेप्रमाणे शिकवा, हे म्हणायला ठीक. पण उद्योगाच्या वाईट सवयीही त्या गरजेतच बसलेल्या असतात, आणि त्या मागणाऱ्याला त्या वाईट आहेत हे अनेकदा ठाऊकही असतं.

समितीत दोन मतं पडली. एक कंत्राटदार म्हणाला, पोरांना आमच्यासारखं शिकवा, नाहीतर ती आमच्याकडे येऊन वाद घालतील. गटनिदेशकांनी कंपनीची इन्स्टॉलेशनची पुस्तिका टेबलावर ठेवली. तीत व्हॅक्यूम करणं बंधनकारक होतं, आणि वॉरंटी त्याच पुस्तिकेवर चालते. या पुस्तिकेने निकाल लावला. संस्थेचा शब्द कंत्राटदारांनी मानला नसता, कंपनीचा मानावा लागला. कार्डावर ओळ आली: पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे पाइपात उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) व्हॅक्यूम करणे, पंप बंद करून काटा स्थिर राहतो का पाहणे.

यातून एक भलतंच काम पुढे आलं. मायक्रॉन मोजणारा गेज संस्थेकडे नव्हता. साध्या मॅनिफोल्ड गेजवर काटा उणे तीसवर जातो आणि तिथेच बसतो. पाइपात ओल उरली आहे की नाही, हे तो सांगत नाही. कार्डातल्या एका ओळीसाठी एक डिजिटल गेज घ्यावा लागला. सगळं वर्कशॉप नवं करण्यापेक्षा हा खर्च किरकोळ होता, पण तो कशासाठी करायचा हे कार्ड तयार झाल्यावरच कळलं.

भारताच्या कूलिंग कृती आराखड्यात, मार्च २०१९ च्या, २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. फळ्यापुढे बसलेल्या सहा जणांपैकी एकाकडेही तसं प्रमाणपत्र नव्हतं. त्यांनीच सुचवलं की गेज आला की आम्हालाही एकदा दाखवा. तो रविवार या सगळ्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी दिवस होता, असं माझं मत आहे.

निर्णयाची दुसरी जागा: १५० तास कधी?

संस्थेची रीत म्हणजे हे तास डिसेंबर-जानेवारीत एकत्र उरकायचे. मुंबईत त्या दिवसांत एसीचं काम जवळजवळ नसतं. मुलं दुकानात बसून राहतात आणि सहीचा कागद घेऊन परत येतात. एप्रिल-मेमध्ये काम डोक्यावरून जातं, पण तेव्हा मेकॅनिकला शिकवायला फुरसत नाही. मुलाच्या वाट्याला जेट पंपाने कॉइल धुणं आणि युनिट खांद्यावर घेऊन जिना चढणं, बाकी काही नाही.

शेवटी तास दोन तुकड्यांत विभागले. एक भाग ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, दुसरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, घरांची सीझनपूर्व सर्व्हिसिंग चालते. घाई नसते आणि तीच यंत्रं एकामागून एक हाताखालून जातात. वेळापत्रक बदलायला निदेशकांना बरीच रदबदली करावी लागली. बाकीचे ट्रेड एकगठ्ठा पद्धतीतच होते.

पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं अठराच्या आतली. आउटडोअर युनिट बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोखंडी ब्रॅकेटवर असतं आणि अनेक मेकॅनिक एका हाताने ग्रिल धरून काम करतात. पहिल्या वर्षी खिडकीबाहेर कोणालाही जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्या वर्षी अठरा पूर्ण झालेल्यांनी सेफ्टी बेल्ट लावूनच जायचं, असं पत्रावर लिहून घेतलं. दोन कंत्राटदार या अटीवर बाहेर पडले. त्यांना जाऊ दिलं.

तुकडीत दोन मुली होत्या. एकही घरगुती कंत्राटदार त्यांना घ्यायला तयार होईना. ‘घरोघरी कसं पाठवायचं?’ हा प्रश्न त्यांनी मुलांच्या बाबतीत विचारला नव्हता. शेवटी एका ऑफिस संकुलाच्या देखभाल विभागात त्यांची सोय झाली. तिथे मध्यवर्ती प्रणाली, चिलर, नोंदवह्या, शिफ्ट. काम अधिक तांत्रिक आणि शिकवणारा अभियंता नियमाचा पक्का. नकारातून त्यांना बाकीच्यांपेक्षा चांगली जागा मिळाली, पण ही कोणाची दूरदृष्टी नव्हती.

निर्णयाची तिसरी जागा: सही कोणाची?

कार्डावर प्रत्येक कामापुढे तीन रकाने होते: पाहिलं, मदतीने केलं, एकट्याने केलं. तिसऱ्या रकान्यात दोन सह्या, निदेशकाची आणि मेकॅनिकची. मेकॅनिकला दिलेली सूचना एका वाक्याची: उद्या याला तुमच्या स्वतःच्या ग्राहकाकडे एकट्याला पाठवाल तरच सही करा.

नियमांत बसवायला गेल्यावर अडलं. मूल्यमापन करणाऱ्याला पात्रता लागते. आठवी शिकलेल्या उस्तादांची सही अधिकृत नोंदीत धरता येत नव्हती. पूर्वज्ञानाला मान्यता देऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे, पण त्या मार्गाने जायला वेळ लागतो आणि मूल्यमापक होण्याच्या अटी त्यापुढच्या. तोडगा असा निघाला की वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण निदेशकांनी द्यायचे आणि ते कार्ड पाहून द्यायचे. कागदावर उस्ताद कुठेच नव्हते.

दुसरी खबरदारी अनुभवातून आली. ऑक्टोबरच्या फेरीत काही कार्डं भराभर भरून आली. मुलगा दुकानात उपयोगी पडला की मेकॅनिक खूश होऊन सगळीकडे सही करी. एका कंत्राटदाराने उलट केलं: चांगल्या मुलाला सहीच देईना, म्हणजे तो आपल्याकडेच अडकून राहील. म्हणून फेब्रुवारीत मेकॅनिक अदलाबदलीने तपासणार असं ठरलं. ज्याच्याकडे मुलगा शिकला त्याने त्याची सही करायची नाही.

ब्रिटनमध्ये १९८६ नंतर राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता आल्या तेव्हा त्यांच्यावर मोठी टीका हीच झाली होती की काम तपासण्याऐवजी चौकोनांत खुणा करणं सुरू झालं. आमच्याकडे ते पहिल्याच फेरीत दिसलं.

फेब्रुवारीतली एक तपासणी मी उभं राहून पाहिली. मुलाने पंप लावला, होज आवळले, व्हॉल्व्ह उघडला. सगळं नीट. दहा मिनिटांनी साध्या गेजचा काटा तळाला गेला आणि त्याने पंप बंद करायला हात पुढे केला. उस्तादांनी काहीच म्हटलं नाही, डिजिटल गेज त्याच्याकडे वळवला. आकडा दोन हजारांच्या वर. मुलगा गप्प. ‘काय करशील?’ ‘अजून चालू ठेवतो, उस्ताद.’ ‘किती?’ ‘पाचशेला येईपर्यंत.’ आकडा आला, पंप बंद केला. दोन मिनिटांत तो पुन्हा वर चढू लागला आणि चढतच राहिला. कुठेतरी गळती. मुलाला फ्लेअरचा नट पुन्हा आवळण्यापलीकडे काही सुचेना. साबणाचं पाणी लावायचं की नायट्रोजनने दाब देऊन पाहायचं, हे त्याला पाठ होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. रकान्यात सही झाली नाही. मुलाने विचारलं, ‘पुन्हा कधी येऊ?’ उस्ताद म्हणाले, ‘जब चाहो.’

निष्पत्ती

‘पुन्हा कधी’ याला संस्थेकडे उत्तर नव्हतं. परीक्षेची तारीख ठरलेली, तुकडीचा शेवट ठरलेला. बहुतेकांची कार्डं मार्चअखेर पूर्ण झाली. चौघांच्या कार्डावर व्हॅक्यूम आणि गळती शोधणं या ओळी रिकाम्या राहिल्या. ते चौघेही परीक्षेत पास झाले, त्यांतल्या एकाचे गुण तर वर्गात वरचे होते.

एका मुलाचे वडील प्राचार्यांना भेटायला आले. ‘साहेब, सरकारचं सर्टिफिकेट मिळालं ना? मग हे कार्ड अपुरं ठेवून पोराला का अडकवता?’ त्यांचं चुकत नव्हतं. राष्ट्रीय प्रमाणपत्र म्हणतं हा तयार आहे, त्याच संस्थेचा दुसरा कागद म्हणतो अजून नाही. प्राचार्यांनी कार्ड पूर्ण करून टाका असं सुचवलं, निदेशकांनी नकार दिला. मधला मार्ग म्हणून शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं ठेवायचं ठरलं. निदेशकांना या वेळेचा मोबदला नव्हता. चौघांपैकी दोघे आले आणि सही घेऊन गेले. उरलेल्या दोघांना तोवर नोकरी लागली होती, हेल्पर म्हणून, आणि शनिवार हा त्यांच्या कामाचा दिवस होता.

पगाराचं काय झालं? ज्या प्रश्नावरून हे सुरू झालं त्याचं उत्तर अर्धवटच आलं. दोन कंत्राटदारांनी पूर्ण कार्ड असलेल्या मुलांना सहा महिन्यांत एकट्याने जॉबवर पाठवलं आणि मेकॅनिकचा पगार लावला. एरवी याला दोन-तीन वर्षं जातात. इतरांनी कार्ड पाहिलं, कौतुक केलं आणि हेल्परचाच पगार दिला. एकाने स्पष्ट सांगितलं, ‘शिकवायचं आम्ही, आणि हजार रुपये जास्त देऊन नेणार शेजारचा.’ कार्ड दाखवून मुलाला दुसरीकडे जास्त मिळायला लागलं तर ते कार्ड चाललं असंच आपण म्हणू. या माणसाच्या लेखी ते तोट्याचं कलम आहे.

आणखी एक परिणाम अपेक्षेत नव्हता. सहापैकी तीन मेकॅनिक आता पंप जॉबवर नेतात. त्यातल्या एकाच्या शेठने मायक्रॉन गेज घेतला आणि ग्राहकाला स्क्रीनचा फोटो पाठवायला सुरुवात केली. बाजाराची सवय मुलांमुळे बदलली नाही, रविवारच्या त्या बैठकीमुळे बदलली.

वेगळं काय करता आलं असतं

कार्डाचा मजकूर ठरवण्यात पहिल्या वर्षाचे कितीतरी महिने गेले. तो वेळ निम्म्यावर आणता आला असता. जॉब रोलची राष्ट्रीय मानकं तयार होती, ती मेकॅनिकांपुढे ठेवून खोडा-जोडा म्हणता आलं असतं. कोऱ्या फळ्यापासून सुरुवात केल्याने उस्तादांचा क्रम मिळाला हे खरं, पण अर्ध्या ओळी शेवटी मानकांसारख्याच निघाल्या.

शनिवारचं वर्कशॉप शेवटी सुचलं, ते आधीपासून हवं होतं. ज्या पद्धतीत तारीख पक्की आणि कौशल्य सैल आहे, तीत सही नाकारण्याचा अधिकार देऊन पुन्हा येण्याची जागा न देणं म्हणजे मुलाला नुसतं नापास करणं. पुन्हा तपासणीच्या तीन तारखा पहिल्या दिवशीच छापून दिल्या असत्या तर त्या दोन मुलांनी नोकरीच्या आधी काम पुरं केलं असतं. यावर निदेशकांचं मत वेगळं आहे. तारखा आधी दिल्या की मुलं शेवटच्या तारखेलाच येतात, असं ते म्हणतात, आणि मुलांना ते माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.

कंत्राटदारांशी बोलणी उलट क्रमाने व्हायला हवी होती. आधी पगार, मग यादी. पुढच्या तुकडीसाठी समितीने तसंच पत्र केलं आहे: पूर्ण कार्ड असलेल्या मुलाला सहा महिन्यांत मेकॅनिकचा पगार देण्याचं जो लिहून देईल, त्याच्याकडेच १५० तासांसाठी मुलं जातील, आणि कार्डात ओळ घालण्या-काढण्याचा हक्कही त्यालाच. आतापर्यंत तीन सह्या आल्या आहेत. तिघांकडे मिळून २४ मुलं बसत नाहीत, तेव्हा उरलेल्यांना गटाचा प्रकल्प द्यायचा की अट सैल करायची, यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे. रविवारच्या रोजाची तरतूद मात्र या वर्षी मंजूर झालेली नाही.